चवदार तळ्यापासून पाळण्यापर्यंत



यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहेच. परंतु त्या आनंदाला एका वेदनेची किनार आहे आणि ती आपल्यापासून लपवून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. संपादकीयात वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे व जाहिरातदारांचे आभार मानावेत, असा आपला प्रघात आहे. ते सर्व कार्यवाहांच्या अहवालात पुढे आलेलेच आहे. म्हणून हे पान आम्ही यंदा एका अशा विषयासाठी राखून ठेवले आहे, ज्यावर आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच बोलले जाते. तो विषय म्हणजे तान्ह्या मुलांचा अतिसार, त्यामागचा रोटा विषाणू आणि त्यावरील लस. जयंतीच्या स्मरणिकेत जुलाबाची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणास पडेल. त्यांना आमची नम्र विनंती आहे, की त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

मदिना प्रांतात आपल्यापैकी बहुतेकजण राहतात ते यानबूच्या औद्योगिक नगरीत. मदिना शहराच्या पवित्र हद्दीत मुस्लिमेतरांना पूर्वापार प्रवेश नव्हता. त्यामुळे त्या शहराशी आपला परिचय आहे तो तेथील हॉटेलांत, दुकानांत आणि वाहनांवर राबणाऱ्या रत्नागिरी-रायगडकडील आपल्या मराठी मुस्लिम बांधवांमार्फत. गेल्या हिवाळ्यात यानबूतील आपल्या एका सभासदाची नऊ महिन्यांची मुलगी आजारी पडली. आधी उलट्या, मग ताप आणि सायंकाळपर्यंत पाण्यासारखे जुलाब. रात्रीतून डोळे खोल गेले, टाळू खचली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. तिला रुग्णालयात नेले, सलाईन लावले, तपासणीत रोटा विषाणू सापडला आणि चौथ्या दिवशी ती हसत घरी आली. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर दहा दिवसांनी त्याच सभासदाला गावाहून फोन आला. त्याच्या धाकट्या भावाचा अकरा महिन्यांचा मुलगा गेला. भाऊ आणि भावजय मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेले. फडाजवळच्या पालावर मुलाला उलट्या-जुलाब सुरू झाले. जुलाब थांबावेत म्हणून त्याचे पाणी बंद केले गेले. दुसऱ्या दिवशी वाहन मिळाले, तेव्हा उशीर झाला होता. त्याची तपासणी कोणी केली नाही; त्यामुळे त्यालाही रोटा विषाणूचीच लागण झाली होती, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्याला लस मिळाली होती की नाही, हे सांगणारे कार्डही पालात सापडले नाही. परंतु एकाच आजीची ही दोन नातवंडे, एकाच ऋतूत, एकाच लक्षणांनी आजारी पडली. एक वाचले, एक गेले. या दोहोंमध्ये अंतर कशाचे होते, हा प्रश्न त्या दिवसापासून आमचा पिच्छा सोडीत नाही.

प्रथम या विषाणूची ओळख करून घेऊ. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी असलेल्या बालकांच्या आतड्याचे सूक्ष्म नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना हा विषाणू प्रथम दिसला. त्याचा आकार चाकासारखा दिसतो, म्हणून चाक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'रोटा' हे नाव पडले. हा विषाणू लहान आतड्याच्या अस्तरातील ज्या पेशी अन्नरस आणि पाणी शोषून घेतात, त्याच पेशी नष्ट करतो. मग पोटात गेलेले पाणी अंगी लागत नाही; उलट शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर वाहून जातात. मोठ्या माणसाच्या शरीरात पाण्याचा साठा असतो, तो दोन दिवस तग धरतो. सात-आठ किलो वजनाच्या बालकाला तेवढी सवड मिळत नाही. सहा महिने ते दोन वर्षे हे वय सर्वांत धोक्याचे असते. प्रतिजैविक औषधांचा या विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. कारण ती औषधे जिवाणूंविरुद्ध असतात, विषाणूंविरुद्ध नव्हेत.

या विषाणूबद्दलची एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करावयास लावणारी वाटली. लस येण्यापूर्वी जगातील जवळजवळ प्रत्येक मूल पाच वर्षांचे होईपर्यंत एकदा तरी या विषाणूच्या तडाख्यात सापडत असे. मग ते न्यूयॉर्कच्या उंच इमारतीत जन्मलेले असो की धारावीच्या खोलीत. रोग्याच्या विष्ठेतून विषाणूचे असंख्य कण बाहेर पडतात आणि त्यांतील मोजके कण लागण होण्यास पुरेसे असतात. हात, खेळणी, दाराची कडी, पाळण्याची दांडी यांवर ते कितीतरी काळ जिवंत राहतात. म्हणूनच केवळ पाणी शुद्ध केल्याने हा रोग हटत नाही. यानबूच्या किनाऱ्यावर तांबड्या समुद्राचे पाणी गोडे केले जाते आणि दोनशे किलोमीटरांच्या आसपास नळांतून चढून ते मदिनेच्या घराघरांत पोहोचते. इतके शुद्ध पाणी आपल्या गावी अद्यापही अनेकांच्या नशिबी नाही. तरीदेखील सौदी अरेबियातील बालकांना हा आजार होतच असे आणि म्हणूनच या देशाने २०१३ साली रोटा विषाणूची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात समाविष्ट केली.

पाण्याचा विषय निघाला की आपले मन महाडला जाते, हे स्वाभाविक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या समाजाला पाण्याला शिवण्याचाही अधिकार नव्हता, त्या समाजाची मुले कोणते पाणी पीत होती आणि त्यापायी किती घरांतले पाळणे रिकामे झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही. पाणी हा माणसाचा हक्क आहे. तो पटकी, हगवण, विषमज्वर यांपासून बचाव करतो आणि त्या लढ्याला पूर्णविराम मिळालेला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की शुद्ध पाणी, शौचालय आणि साबण ही या लढाईची पहिली फळी आहे. रोटा विषाणू ती फळी ओलांडून आत येतो. त्याच्यासाठी दुसरी फळी हवी. ती फळी म्हणजे लस. आणि लस देऊनही आजार झालाच, तर तिसरी फळी म्हणजे वेळेवर मिळणारी जलसंजीवनी. यांपैकी एक आहे म्हणून दुसरी नको, असे म्हणणे म्हणजे घराला दार आहे म्हणून छप्पर नको, असे म्हणण्यासारखे होईल.

विषाणू भेद जाणत नाही, परंतु मृत्यू जाणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००८ साली जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ५३ हजार बालके रोटा विषाणूमुळे दगावली. २०१३ साली हा आकडा सुमारे २ लाख १५ हजारांवर आला. त्यांतील पाचांपैकी एकाहून अधिक मृत्यू एकट्या भारतातले होते. श्रीमंत देशांत बालके याच विषाणूने रुग्णालयात दाखल होत, पण बरी होऊन घरी जात. गरीब देशांत ती रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. लागण सर्वांना, मरण मात्र गरिबाला! ज्या विषमतेविरुद्ध आपली सारी चळवळ उभी आहे, तीच विषमता येथे पाळण्यापाशी उभी असलेली आम्हांस दिसते. रोग निसर्गाने दिला असेल. पण रुग्णालयापर्यंतचा रस्ता, दवाखान्यातले सलाईन आणि आईच्या हातात पडलेली माहिती यांचे वाटप निसर्गाने केलेले नाही, ते समाजाने केले आहे.

पाळण्यातल्या मृत्यूचे दुःख बाबासाहेबांना आणि माता रमाईला अपरिचित नव्हते. यशवंतरावांखेरीज त्यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चारही अपत्ये बालपणीच गेली. १९२६ साली राजरत्न गेला, त्या वेळी बाबासाहेबांच्या अंतःकरणाची काय अवस्था झाली, हे त्यांच्या चरित्राच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. ती मुले अमुक एका रोगाने गेली, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. सांगावयाचे आहे ते हे, की त्या दुःखाला बाबासाहेबांनी केवळ नशीब म्हटले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात सवलत देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि आई व मूल यांचे रक्षण हे राष्ट्राचेही काम आहे, अशी भूमिका घेतली. मुलांचे मृत्यू टळू शकतात आणि जे टळू शकतात ते टाळणे हे समाजाचे कर्तव्य आहे, ही दृष्टी आपण त्यांच्याकडून घ्यावयास हवी.

आता उपचाराविषयी चार शब्द. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाची पिंपे भरून ठेवली आणि नातलगांनाच ते रोग्यांना पाजावयास सांगितले. शंभरातील तीसच्या घरात असलेले मृत्यू चाराच्याही खाली आले. हीच ती जलसंजीवनी, जिला आपण ओआरएस म्हणतो. तिचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवावे; अर्धे पाकीट अर्ध्या ग्लासात असा हिशेब करू नये. पाकीट मिळत नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक माउलीने पाठ करून ठेवावे. बाळाला ते चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावे. अंगावरचे दूध कदापि बंद करू नये. जुलाब लागलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. बाळ मलूल पडले, पाणी पिईना, लघवी होईना, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी एक क्षणही न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे.

जुलाब लागले की पाणी तोडावे, ही समजूत आपल्या आज्यांनी दुष्टाव्याने बाळगलेली नाही. बाहेर पाणी जाते आहे, तर आत घालू नये, असा तो भोळा हिशेब आहे. शतकानुशतके ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या माथी अज्ञानाचा दोष मारणे आम्हांस मान्य नाही. पण जी मंडळी शिकली, परदेशी आली, त्यांनी ते ज्ञान घरी पोहोचविले नाही, तर तो दोष मात्र आपला आहे.

आता लसीकडे वळू. ही लस इंजेक्शनाने नव्हे, तर तोंडावाटे दिली जाते. तिचा इतिहास सरळ नाही आणि तो आम्ही झाकूनही ठेवीत नाही. १९९८ साली अमेरिकेत पहिली रोटा लस बाजारात आली. परंतु सुमारे दहा हजारांपैकी एका बालकात त्या लसीनंतर आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकण्याचा प्रकार आढळला आणि १९९९ साली ती मागे घेण्यात आली. त्यानंतरच्या दोन लसींची प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर चाचणी करण्यात आली आणि मगच त्या २००६ साली व्यापक वापरात आल्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना ही लस देण्याची शिफारस केली.

भारताची स्वतःची लस कशी तयार झाली, ही कथा प्रत्येक भारतीयाने अभिमानाने सांगावी अशी आहे. १९८५-८६च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान यांना असे दिसून आले, की तेथील काही नवजात बालकांना रोटा विषाणूची लागण झाली होती, पण ती आजारी पडली नाहीत. पुढे त्या बालकांना या रोगाचा तीव्र त्रासही कमी झाला. त्या सौम्य विषाणूपासून '११६ई' या नावाने लसीचे बीज तयार झाले आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने त्यापासून 'रोटाव्हॅक' ही लस बनविली. एका निरीक्षणापासून एका लसीपर्यंत जाण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. डॉ. भान २०२० साली निवर्तले. त्यांच्या कार्याला आम्ही आदरपूर्वक वंदन करतो.

या लसीची अंतिम चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्हा या तीन ठिकाणी ६ हजार ७९९ बालकांवर झाली. पुणे जिल्ह्यातील ठिकाण होते वढू, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण क्षेत्र. वढू हे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर भीमा कोरेगावचा परिसर उभा राहिला असेल. दरवर्षी १ जानेवारीला आपण ज्या विजयस्तंभास मानवंदना द्यावयास जातो, त्याच्या शेजारचेच हे गाव. त्या गावांतील शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या लेकरांनी ही लस घेतली. काहींना चाचणीच्या नियमाप्रमाणे लसीसारखेच दिसणारे पण निष्क्रिय द्रव्य मिळाले. पुढे देशातील कोट्यवधी बालकांना जे संरक्षण मिळाले, त्याचा पाया या अनाम मातांनी घातला. शौर्य रणांगणावरचेच असते असे नाही. स्वतःचे तान्हे मूल विज्ञानाच्या कसोटीसाठी पुढे करणाऱ्या त्या मातांचे धैर्यही नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

या चाचणीत असे दिसले, की पहिल्या वर्षात तीव्र स्वरूपाच्या रोटा अतिसारापासून या लसीने सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. श्रीमंत देशांत याच प्रकारच्या लसी ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. मग आमच्याच मुलांच्या वाट्याला कमी का, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यामागे कुपोषण, आतड्यातील इतर जंतूंची गर्दी आणि आईकडून आलेली प्रतिकारद्रव्ये अशी अनेक कारणे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे गरिबी लसीच्या थेंबांतही पाणी मिसळते! तरीदेखील आजार जेथे अधिक, तेथे निम्मे संरक्षणही अधिक जीव वाचविते, हे गणित विसरता कामा नये. शंभर घरांना आग लागत असेल, तर पन्नास घरे वाचविणारा बंब नाकारण्यात शहाणपण नाही.

२०१६ साली भारत सरकारने आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांपासून ही लस सार्वत्रिक लसीकरणात आणली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची उष्णता सहन करणारी 'रोटासिल' ही दुसरी भारतीय लसही उपलब्ध झाली. महाराष्ट्रात २०१९ साली ही लस सरकारी कार्यक्रमात आली आणि त्याच वर्षी ती देशभर पोहोचली. खाजगी दवाखान्यात पैसे मोजून मिळणारी ही लस आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीच्या लसीकरण सत्रात विनामूल्य मिळते. लस आल्यानंतर भारतातील रुग्णालयांत अतिसाराने दाखल होणाऱ्या बालकांमध्ये रोटा विषाणूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर आल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. आतडे अडकण्याच्या भीतीबाबतही भारतात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोटाव्हॅकमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. तरीही लसीनंतरच्या दिवसांत बाळ थांबून थांबून कळवळून रडू लागले, हिरवट उलट्या झाल्या किंवा शौचात रक्त दिसले, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

कोणी म्हणेल, सरकार सांगते म्हणून आम्ही लस का घ्यावी? हा प्रश्न आम्हांस गैर वाटत नाही. वेल्लोर येथील चाचणीची आकडेवारी स्वतंत्रपणे खुली करावी, अशी मागणी जाणकारांनी केली होती आणि असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपणांस ठाऊक आहे. परंपरेने आले म्हणून नव्हे, ग्रंथात आहे म्हणून नव्हे, थोरांनी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या विवेकाने तपासून हितकारक ठरले, तरच एखादी गोष्ट स्वीकारावी. परंतु तपासणे म्हणजे अफवा ऐकून नाकारणे नव्हे. एक लस धोक्याची ठरली तेव्हा विज्ञानाने ती मागे घेतली, हा विज्ञानाचा पराभव नसून त्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. आम्ही वर दिलेले आकडे याच विवेकाने पाहिले आणि म्हणूनच ही शिफारस करीत आहोत.

आता पुन्हा त्या नऊ महिन्यांच्या मुलीकडे येऊ. तिला लस का मिळाली नव्हती? ती मराठवाड्यात आजोळी जन्मली. भारतात ही लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात देतात. त्या काळात आई तिला घेऊन पारपत्र आणि व्हिसाच्या कामासाठी मुंबईत नातलगांकडे राहिली. गावचे कार्ड गावीच राहिले, मुंबईत कोणी विचारले नाही. पाचव्या महिन्यात ती यानबूला आली, तेव्हा येथील दवाखान्यात सांगण्यात आले, की त्यांच्या वेळापत्रकानुसार ही लस सुरू करण्याचे वय उलटून गेले आहे. यात दोष कोणा एकाचा नाही. अनेक देशांत पहिली मात्रा पंधरा आठवड्यांच्या आत सुरू करण्याचा नियम आहे. भारतात मात्र एक वर्षाच्या आत पहिली मात्रा देता येते. हा फरक त्या मातापित्यांना ठाऊक असता, तर मुंबईत असतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात ती मात्रा घेता आली असती. दोन देशांच्या मध्ये आपण जगतो. आपली मुले त्या दोहोंच्या वेळापत्रकांच्या फटीतून खाली पडतात.

आणि ऊसतोडीच्या पालावर गेलेल्या त्या मुलाचे काय? भारतात रोटा विषाणूचा जोर थंडीच्या कोरड्या महिन्यांत अधिक असतो. दिवाळीनंतर मराठवाड्यातील लक्षावधी मजूर कुटुंबे तान्ह्या लेकरांसह ऊस तोडावयास बाहेर पडतात, ती नेमक्या याच काळात. गावची अंगणवाडी गावी राहते, लसीचे कार्ड ट्रंकेत राहते आणि ज्या गावात फड लागतो तेथील यंत्रणेच्या यादीत त्या बालकाचे नाव नसते. नियमाने लस तेथेही मिळू शकते. पण मागणारा हवा. आपला सभासद परदेशी स्थलांतरित, त्याचा भाऊ देशातच स्थलांतरित. दोघांच्याही लेकरांना त्याच एका कारणाने लस चुकण्याचा धोका होता. फरक पडला तो पुढे. एकाच्या दाराशी रुग्णालय होते, दुसऱ्याच्या दाराशी नव्हते. हेच ते अंतर, ज्याचा शोध आम्ही आरंभी घेत होतो.

म्हणून या वर्षी आमचे आपणांस तीन गोष्टींचे आग्रहाचे आवाहन आहे. पहिली, ज्या घरात बाळंतपण होणार आहे, त्यांनी माता-बाल संरक्षण कार्डाचे छायाचित्र आई आणि वडील या दोघांच्याही फोनमध्ये ठेवावे आणि प्रवासाचा बेत लसीच्या तारखा पाहून आखावा. विमानाचे तिकीट चार दिवस पुढे ढकलता येते, बाळाचे वय ढकलता येत नाही. दुसरी, आपल्यापैकी ज्यांना कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही आणि ज्यांचे बिऱ्हाड गावीच आहे, त्यांनी शुक्रवारच्या सुट्टीत घरी फोन कराल तेव्हा पैसे पोहोचले का, एवढेच विचारू नये. बाळाची कितवी मात्रा झाली, हेही विचारावे. वडिलांनी विचारले की घरात त्या गोष्टीचे महत्त्व वाढते. तिसरी, आपण गावी बुद्धविहारासाठी, जयंतीसाठी, ग्रंथालयासाठी सढळ हाताने देणगी पाठवितो. त्याबरोबरच प्रत्येकाने आपल्या वस्तीतील एक वर्षाखालील बालकांची यादी करणारा एक तरुण किंवा तरुणी शोधावी. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांची नावे जाण्यापूर्वी आशाताईंकडे द्यावीत, कार्ड त्यांच्या सोबत दिले आहे ना, हे पाहावे आणि विहारात जलसंजीवनीची काही पाकिटे सदैव ठेवावीत. या कामाला फार पैसा लागत नाही; लागते ती आठवण.

चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे मागितले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हते. आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी होते. लसीचे ते काही थेंब प्रत्येक मुलाला वेळेवर मिळणे, हाही त्याच माणुसकीच्या हक्काचा भाग आहे, असे आम्ही मानतो. फरक एवढाच, की तळ्याच्या वेळी वाट अडविणारा समोर उभा होता. येथे तो समोर नसतो. येथे अडथळा असतो तो विसरलेल्या तारखेचा, हरवलेल्या कार्डाचा आणि न पोहोचलेल्या माहितीचा. अशा अडथळ्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. तो घराघरांत जाऊन दूर करावा लागतो.

त्या अकरा महिन्यांच्या बालकाचे नाव आम्ही येथे छापलेले नाही. ते दुःख त्या घरचे आहे. परंतु पुढील वर्षीच्या स्मरणिकेत कार्यवाहांच्या अहवालात एक नवा रकाना असावा, अशी आमची इच्छा आहे. सभासदांच्या आणि त्यांच्या गावाकडच्या घरांतील किती बालकांच्या सर्व मात्रा पूर्ण झाल्या, याचा. त्या रकान्यात एकही नाव रिकामे राहू नये, एवढाच संकल्प आपण सर्वांनी मिळून या जयंतीदिनी करूया.

जयभीम! नमो बुद्धाय!

— संपादक मंडळ